बीम उतरेपर्यंत

दिवाळी सरली की गाझियाबादेत आमच्या सोसायटीच्या सगळ्या बाल्कन्यांवर रजया लटकतात. बॉक्सच्या पलंगाची फळी उचलायची, डांबरगोळ्यांच्या वासासकट वर्षभर निजलेली पांघरुणं बाहेर काढायची आणि इकडच्या त्या पातळ, पाणी घातलेल्या दुधासारख्या उन्हात त्यांना उलटसुलट भाजायचं. घरात हे काम माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. पांघरुणाला ऊन कसं दाखवायचं ते पांघरूण विणणाऱ्याला जास्त कळतं, असं मी सुनेला एकदा सांगितलं आणि तिने हात जोडले. तेव्हापासून थंडीत बाल्कनी माझी.

या वर्षी अविनाशने, म्हणजे माझ्या मुलाने, फोनवरून नवं ब्लँकेट मागवलं. दुसऱ्या दिवशी दारात हजर. वर वाघाचं तोंड छापलेलं. हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखं मऊ, पण हाताला काही सांगत नाही. उभा धागा लागत नाही, आडवा लागत नाही. पिशवीवर गावाचं नाव वाचलं तर पानिपत. मी ती पिशवी बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो.

सून म्हणाली, "बाबा, याला ऊन नाही दिलं तरी चालतं. पॉलिएस्टर आहे ते."

ऊन लागत नाही, कसर लागत नाही आणि विणकरही लागत नाही. मोठाली यंत्रं आली आहेत म्हणे तिकडे. एका तोंडाने प्लास्टिकचे दाणे टाकायचे, दुसऱ्या तोंडाने वाघ निघतो.

पानिपत म्हटलं की मराठी माणसाचा चेहरा पडतो. माझा नाही पडत. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या गावाने खाल्ली आणि मला खायलाही घातलं. मी सोलापूरचा, जातीने कोष्टी. शाळा मी तिसरीत सोडली, की शाळेने मला सोडलं, यावर आमच्या घरात दुमत होतं. बापाच्या शेजारी बसून चादर विणायला शिकलो. तिकडच्या गिरण्यांचं काही खरं दिसेना, आणि पानिपतच्या कंबलवाल्यांना साचा समजणारी माणसं हवी होती, म्हणून बायकोला घेऊन निघालो. साचा म्हणजे माग. सोलापुरात आम्ही साचाच म्हणतो. कारखान्यात पहिल्या दिवशी एकाने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, फिर आ गए? इस बार क्या लेने आए हो? मी म्हटलं, पगार. सगळं खातं हसलं. पण त्या दिवसापासून मी तिथला मराठा झालो. कोष्टी, सोलापूर, हे कुणाच्या कानात शिरलंच नाही.

आणीबाणी उठून गेली होती, त्यानंतरची एक थंडी मला अजून अंगावर आल्यासारखी आठवते. बाल्कनीत रजई उलटताना नाकात गरम कापसाचा वास शिरतो आणि मी तिथे असतो.

तिथला वास मात्र कापसाचा नव्हे, जुन्या लोकरीचा. आमच्या कारखान्याच्या आवारात विलायती जुन्या कपड्यांचे डोंगर असत. कोट, स्वेटर, पाटलोणी, कुणाकुणाच्या देशात कुणाकुणाच्या अंगावर झिजून आलेल्या. डोंगराच्या पायथ्याशी उन्हाला पाठ करून बाया बसत. प्रत्येकीच्या पायाखाली विळीसारखं उभं पातं. त्याच्यावर कोट धरला की बटणं एकीकडे, अस्तर दुसरीकडे, लोकर तिसरीकडे. मग रंगाप्रमाणे ढीग. लाल कोटांचं लाल सूत, निळ्यांचं निळं. रंग द्यायचा खर्चच नाही. आमची मंडळी, अनसूया, त्या कामावर होती. तिचा हात सगळ्यांत जलद, कारण इतर जणी पात्याला भीत आणि ही लहानपणापासून विळीवर कांदा चिरत आलेली. खिशांतून काय काय निघायचं. परदेशी तिकिटं, वाळलेलं फूल, लहान पोराचा मोजा. एकदा एका कोटातून चष्मा निघाला. अनसूयाने तो लावून बघितला आणि म्हणाली की मेमसाहेबाला माझ्याएवढंच दिसत होतं बघा.

मग ती लोकर यंत्रात फाटायची, पुन्हा तिचं सूत व्हायचं आणि ते आमच्या साच्यावर यायचं. उभा धागा सुताचा, आडवा या लोकरीचा. थंडी हा आमचा हंगाम. शेतकऱ्याचं पीक निघावं तसे कंबल निघायचे. गठ्ठे बांधून ट्रक भरायचे. पूर आला, भूकंप झाला, कुठे गरिबांना वाटप झालं की पानिपतचं कंबल. आणि खात्यात आम्ही मफलरने कान बांधून, नाकातून काळी लोकर शिंकरत उभे.

माझ्या शेजारच्या साच्यावर याकूबचाचा होते. उत्तर प्रदेशाच्या पार पूर्वेकडचे, पिढीजात विणकर. माझ्यापेक्षा बरेच मोठे, काटकुळे, दाढीत नेहमी लोकरीचे तंतू. त्यांची माझी भाषा वेगळी, देव वेगळा, जेवण वेगळं. पण पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट निघाली. बीम म्हणजे साच्यामागचा रूळ, त्याच्यावर उभे धागे गुंडाळलेले असतात. माझ्या बापाचा दंडक होता की आपल्या हाताने चढवलेलं बीम आपल्याच हाताने उतरवायचं. अर्ध्यावर सोडून उठायचं नाही. मरण आलं तरी त्याला दारात बसवायचं. मी हे माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं तर याकूबचाचा हसले. म्हणाले की आमच्याकडे तर बाप मेल्यावरही माणूस आधी बीम उतरवतो आणि मग रडतो. तेव्हापासून आमचं जमलं.

माझी नात मुक्ता दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहते, विद्यापीठात शिकते. रविवारी कपड्यांची पिशवी घेऊन घरी येते. कामगारवर्ग आणि बदलती अर्थव्यवस्था, असं काहीतरी तिचं लिहिणं चाललंय. मागे एकदा बाल्कनीत माझ्याशेजारी मुळा खात बसली होती. विचारत होती की आजोबा, तुमच्या वेळी वर्कर्सना वाटायचं का, की आपण सगळं बदलू शकतो? क्रांती वगैरे?

मी म्हटलं, आम्हाला वाटायचं की धुकं जावं.

"अच्छा, टाळू नका हं. बिल्कुल सीरियसली विचारतेय मी."

तिला मी तेव्हा सांगितलं नाही. पोरीला वाटलं असेल म्हाताऱ्याला प्रश्न समजला नाही. प्रश्न समजला होता. उत्तर तोंडाने देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलो. माझं अक्षर तिला लागत नाही. ते तिचं तिने बघावं.

तर ती थंडी. संध्याकाळी सुटताना गेटवर बायांची झडती होत असे. कोटाच्या खिशातलं काही नेतात का, कपड्यांआड लोकरीचं काही घालून जातात का, ते बघायला. झडती घ्यायला गेटवाला, पुरुष. बाया शाल उघडून दाखवीत आणि मान खाली घालून निघून जात. आम्हा विणकरांची झडती नसे. आम्ही कारागीर. खरं सांगायचं तर बायांची रांग आमच्या रांगेशेजारीच असायची आणि आम्ही तिकडे बघत नसू. न बघण्याला आम्ही सभ्यपणा म्हणत होतो.

एका संध्याकाळी बिमलाच्या शालीखाली लहान मुलाचं स्वेटर निघालं. बिमला जवळच्याच खेड्यातली, अनसूयाच्या शेजारी बसणारी, तोंडाने तिखट. घरी तान्हं मूल होतं तिला. स्वेटर कोपरात फाटलेलं, दुसऱ्या दिवशी यंत्रात जाणारच होतं. मुनीम पुढे आला आणि गेटवाल्याला म्हणाला की हिची शाल काढ, वरचे कपडेही काढायला लाव, अजून काय काय आहे बघू. गेटवाला घुटमळला. मुनीम ओरडला. आमची सगळी रांग धुक्याकडे बघत होती.

तेव्हा याकूबचाचा रांगेतून बाहेर आले. घाई केली नाही. स्वेटर काढलं, कुर्ता काढला, आतली बंडी काढली आणि एकेक करून गेटच्या गजाला अडकवलं. त्या गारठ्यात उघडे, बरगड्या मोजून घ्याव्यात असे उभे राहिले. दोन्ही हात वर केले.

"पहले मेरी तलाशी लो. बरसों से कंबल बुन रहा हूँ. देख लो, कितने ओढ़कर निकला हूँ."

कुणी हललं नाही. बिमला शाल छातीशी धरून गेटबाहेर पळाली, तिच्यामागे इतर जणी. मुनीम याकूबचाचांना म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. चाचांनी कपडे घातले, बटणं सावकाश लावली आणि निघाले. मी त्यांच्याबरोबर रेल्वेच्या रुळांपर्यंत चालत गेलो. ते एवढंच म्हणाले की माझं बीम कालच उतरलंय, नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आत आल्याच नाहीत. गेटसमोर रस्त्याच्या कडेला पोती टाकून बसल्या. झडती बंद करा आणि चाचाला परत घ्या, एवढंच म्हणणं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. संप हा शब्दसुद्धा त्यांच्यातल्या कुणी उच्चारला नाही. त्या नुसत्या बसल्या.

आम्ही विणकर चहाच्या टपरीवर जमलो. चाचांसाठी आपणही बाहेर पडायचं, यावर दुमत नव्हतं. पण प्रत्येकाच्या साच्यावर बीम होतं. कुणाचं दोन-चार कंबलांत उतरणारं, कुणाचं अर्ध्यावर. माझं तर आदल्या दिवशीच चढलेलं, भरगच्च. ते उतरायला दोन-तीन दिवस सहज. मी म्हटलं, आपापलं बीम उतरवायचं आणि मग बाहेर. हे मालकासाठी नाही, साच्यासाठी. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी चाचांनाच विचारलं. ते कोपऱ्यात बशीतून चहा पीत होते. म्हणाले, ताना तो उतार लो, भाई. ताना म्हणजे बीमवरचे उभे धागे. त्यांच्यासाठी बाहेर पडणाऱ्यांना त्यांनीच आत पाठवलं. दुसरा कुणी असता तर नसतं पाठवलं. पण विणकराला विचारलं होतं ना.

म्हणजे बघा, काय झालं. बाया बाहेर आणि आत साचे चालू. शेठच्या आवारात ट्रक लागलेले, सरकारी ऑर्डर अडलेली, आणि आम्ही त्याच्यावर रागावून त्याचे कंबल विणतोय. एकेकाचं बीम उतरेल तसा एकेक बाहेर. सकाळी एक, दुपारी दोन. त्याला संप म्हणायचं की सुट्टी, देव जाणे. बाहेरून बिमलाचा आवाज खात्यापर्यंत यायचा. "मर्द आवैं सैं, बस कंबल पूरा कर लें. बाहर ठंड सै ना." बाया हसायच्या, आणि त्यांच्यात मला अनसूयाचं हसणं ओळखू यायचं.

संध्याकाळी घरी आलो. अनसूयाने माझ्याकडे न बघता स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली. मी म्हटलं, तुला कोष्ट्याच्या घरची रीत माहीत नाही का? ती म्हणाली की मला ठाऊक आहे, चाचाच्या बायकोला ठाऊक आहे का ते बघून येते. आणि खरंच त्यांच्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा भोंगा झाला. माझी भाकरी रोज अनसूयाच्या फडक्यात बांधलेली असे आणि अनसूया आता गेटबाहेर होती. बऱ्याच जणांचे डबे घरून गेटवर यायचे. आम्ही गेटवर गेलो तर समोर पोत्यांवर सगळी फडकी सोडलेली. ज्वारी तिकडे मिळायची नाही, बाजरीची भाकरी असायची, वर लसणाची चटणी. माझी भाकरी अनसूयाने चार जणींत वाटून खाल्ली होती. शेवटचा तुकडा तिच्या हातात होता.

"आवो, तुमचं बीम उतरलं का?" ती म्हणाली. "उतरलं की या जेवायला. निवांत या."

अख्खा रस्ता हसला. गेटवालासुद्धा हसला, मग इकडेतिकडे बघून थांबला. हसण्याने माणूस जेवढा हलतो तेवढा भाषणाने हलत नाही, हे मी तिथे बघितलं. आमच्यातले बाकी सगळे तिथून परत फिरलेच नाहीत. साच्यावर धागे तसेच ठेवून पोत्यांवर जाऊन बसले. कुणाच्या हातावर भाकरीचा चतकोर पडला, कुणाच्या हातावर मुळा.

मी आत गेलो. हो, गेलो. मी तेव्हाही हट्टी होतो आणि उपाशी हट्टी माणूस फार वाईट. खात्यात माझा एकट्याचा साचा. इतर सगळे चालू असले की आपल्या साच्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. धोटा या टोकाहून त्या टोकाला जायचा आणि वाटायचं कुणीतरी दार ठोठावतंय. बाहेर बिमला म्हणत असणार, मराठ्याला पानिपतात एकट्याने लढायची सवय आहे. नंतर कळलं, ती खरंच तसं म्हणाली होती.

मग शेठ आला. स्वतः. खात्यात तो कधी येत नसे, लोकर नाकात जाते म्हणून. माझ्या साच्यापाशी उभा राहिला, विणलेल्या कंबलावरून हात फिरवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आवाजावर आवाज चढवून म्हणाला की एक तरी माणूस आहे ज्याला कामाची इज्जत कळते. मुनिमाला सांगून माझ्यासाठी चहा मागवला, स्वतःच्या कपबशीत. आणि जाता जाता म्हणाला,

"याकूब की खड्डी भी तू ही संभाल ले."

खड्डी म्हणजे साचा. मी शेजारी बघितलं. चाचांचा साचा रिकामा, पट्टा उतरवलेला, धोट्यात अर्धी कांडी तशीच. माझा बाप डोळ्यासमोर आला. त्याचा दंडक खरा होता, आजही आहे. पण तो दंडक दुसऱ्याच्या हातात गेला की सुरा होतो, हे त्याने मला सांगितलं नव्हतं. त्याला कदाचित कळलं नसावं. मी हँडल सोडला. साचा दोनदा खडखडला आणि थांबला. चहा तिथेच ठेवला. पिऊन आलो असतो तर अनसूयाने वासावरून ओळखलं असतं.

बाहेर आलो तर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. याकूबचाचांनी सरकून पोत्यावर जागा केली. त्यांचा पहिला प्रश्न होता, कितना बाकी था?

मी म्हटलं, अर्ध्याहून जास्त.

त्यांनी जीभ चुकचुकवली. "अच्छा ताना था वो."

मी आधी साच्यावर राहिलो ते चूक की नंतर अर्ध्यावर उठलो ते चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही आणि ठरवणारही नाही. दोन्ही माझ्याच हातांनी केलं.

परवाचीच गोष्ट. इथवर लिहिलेलं मुक्ताने अडखळत वाचून काढलं होतं. सोसायटीच्या गेटबाहेर डिलिव्हरीवाले उभे असतात. पाठीवर खोकी, कानात वायरी, प्रत्येकजण आपापल्या गाडीवर, आपापल्या फोनमध्ये. त्यांच्यातल्या एकाची मोटरसायकल थंडीने चालू होईना. तिघे जण उतरून ढकलत होते आणि तिघांच्याही खिशात फोन कोकलत होते. गाडी चालू झाली तेव्हाच त्यांनी ते उचलले. मी वरून बघत होतो. मुक्ताला दाखवलं. म्हटलं, हे बघ तुझं ते क्रांती वगैरे.

ती कठड्यावरून वाकली. मग म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे एक गेट होतं. समोर बसायला. यांना गेटच नाहीये, यार. मालक कुठे बसतो तेच माहीत नाही यांना."

पोरगी खरं बोलली. आमच्या गेटवर शेठची मोटार यायची तेव्हा आम्हाला त्याचा चेहरा दिसायचा. सर्दी झालीय, झोप झाली नाही, ऑर्डर हातची चाललीय, सगळं दिसायचं. फोनला सर्दी होत नाही. पण ढकलताना त्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं नव्हतं, हे मी बघितलं. न बघताच हात लावला होता. ते आधी असतं, गेट मागाहून सापडतं. निदान आमचं तरी तसं झालं. आता यात क्रांती आहे का, ते मुक्ताने लिहावं.

आम्ही बसलो त्या दिवसांत ऊन असं पडत नव्हतं. धुकं सरकायचं, तासभर पिवळट उजेड यायचा, की पुन्हा धुकं. रस्त्यावरून उसाच्या गाड्या जायच्या. कुणीतरी दोन कांड्या ओढून घ्यायचा. कुठूनतरी ताज्या गुळाचा वास यायचा. कोटांच्या चिंध्या पेटवून शेकायचो तेव्हा लोकरीचा जळका वास केसांत बसायचा. संक्रांत तिथेच आली. त्या गावात संक्रांत म्हटलं की मराठ्याला लोक जपून बोलतात, लढाईचा दिवस ना तो. अनसूयाने तीळगुळाऐवजी रेवड्या वाटल्या आणि प्रत्येकीला म्हणाली की मीठा बोलो. बिमलाने विचारलं, शेठशीसुद्धा? अनसूया म्हणाली, त्याला नुसते तीळ, गूळ नाही. हे हिंदीत सांगताना तिची तारांबळ उडाली, पण बायांना कळलं.

याकूबचाचा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. त्यांच्यासाठी इतकी माणसं थंडीत बसलीत हे त्यांना सोसत नव्हतं. एकदा मला म्हणाले की मी आपला गावी निघून जातो, तुम्ही सगळे आत जा. मी म्हटलं, तुमच्यासाठी मी बीम सोडलंय, आता जाऊन दाखवा. ते हसले नाहीत. गावी त्यांचा हातमाग कधीच विकला गेला होता. पानिपतात दुसरीकडे गेटवरूनच परत पाठवत होते, शेठची माणसं सगळीकडे सांगून आलेली. घरी दोन मुली. हा साचा गेला तर चाचांचं विणणंच संपणार होतं. या वयात विणकराने हमाली करायची.

ट्रक अर्धेच भरलेले राहिले. मग एका सकाळी मुनीम बाहेर आला. म्हणाला, बायांची झडती बंद. यापुढे घेतलीच तर बाईमाणूस घेईल. बिमलानेही कामावर यावं. विणकरांचंही काही कापणार नाही. याकूब मात्र नाही.

आम्ही पुरुष जमिनीकडे बघत होतो. आम्हाला ठाऊक होतं आता काय होणार. बायांना जे हवं होतं ते मिळालं. त्यांच्या घरी पोरं होती, चुली होत्या. आमच्या साच्यांना लागणारी लोकर त्या कापतात. त्या आत गेल्या की आम्ही किती दिवस बसणार. चाचा उठून उभे राहिले. बायांना म्हणाले, जाओ बेटी, जाओ. त्यांनी पोतं झटकून घडीसुद्धा केली.

बिमला जागची हलली नाही. मांडीवरच्या पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि मुनिमाला म्हणाली,

"म्हारा तो होग्या. इब चाचा का बाकी सै."

आणि बाया बसून राहिल्या. ज्यांचं झालं होतं त्या बसून राहिल्या. मी पुढे पुष्कळ मोर्चे बघितले, लाल झेंडे बघितले, दिल्लीला मैदानावर जाऊन भाषणं ऐकली, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. पण कामगार म्हणजे काय, हे मला त्या पोत्यावर कळलं. आपलं मिळाल्यावर माणूस उठतो की बसतो, एवढाच प्रश्न असतो. चाचा उभेच होते, हातात पोत्याची घडी. अनसूयाने ती त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा अंथरली.

तो कारखाना आता नाही. तिथे लग्नाचा हॉल झालाय, असं ऐकतो. बिमला कुठे आहे कुणास ठाऊक. याकूबचाचा त्यांच्या मातीत गेले, अनसूयाही गेली. डोंगराएवढे कोट फाडून आम्ही जे कंबल विणले तेही कुणाकुणाच्या अंगावर विरून गेले असतील. मी नव्वदीला टेकतो आहे आणि मला वाघाचं तोंड पांघरून झोपावं लागतंय. पण शेवटी शेठ नमला आणि चाचांना परत घेतलं, ती सकाळ गेलेली नाही.

त्या सकाळी भोंगा वाजला. आधी बाया आत गेल्या. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आम्हीच बाजूला झालो. मग विणकर. याकूबचाचा सगळ्यांत मागे. प्रत्येकजण आपापल्या साच्यापाशी जाऊन उभा राहिला. वर पट्टे फिरत होते, हँडल ओढला की साचे लागणार. कुणी ओढला नाही. मुनीम म्हणाला, चालू करो. कुणी ऐकलं नाही. सगळ्यांचे डोळे चाचांवर.

त्यांनी मफलर काढून खिळ्याला लावला. मागे नवं बीम चढवलेलं होतं. त्याच्यावरून तळहात फिरवला. फणीत वाकून एकेक धागा बघितला. एक तुटलेला सापडला, तो जिभेने ओला करून जोडला. तेलाची बुधली घेतली आणि साच्याच्या प्रत्येक सांध्याला एकेक थेंब दिला. कांडी बदलली. धोटा उजेडाकडे धरून त्याचं टोक तपासलं. नंतर पुन्हा फणीत वाकले. म्हाताऱ्याने मुद्दामच वेळ लावला, हे मला दिसत होतं, सगळ्यांनाच दिसत होतं. मुनीम घड्याळ बघत होता. आम्ही हात बांधून उभे. बाहेर पात्यांचा आवाजही थांबला होता. बाया दारात येऊन बघत होत्या.

आणि त्यांच्या मागे, नाकाला रुमाल लावून, शेठ उभा होता. तोही थांबला होता.